आधी ऊब, मग तूस

आमच्या भाताच्या गिरणीमागे तुसाचा ढीग आहे. तो कुणी मुद्दाम रचलेला नाही. भात भरडलं जातं, तांदूळ पोत्यांत जातो आणि तूस मागे पडत राहतं. थोडं बॉयलरखाली जळतं, थोडं वाऱ्यावर जातं, तरी ढीग आहे तेवढाच. गिरणीतल्या गोष्टींचंही तसंच. कुणी जमवत नाही, पण जमतात. आमच्याकडे चहाला आलं की ज्याला त्याला त्यातलीच एखादी ऐकायची असते.

आधी माणसं सांगते. गिरणी महाडात, नदीच्या बाजूला. आमचे हे तिथे आगवाले, म्हणजे बॉयलरखाली आग सांभाळायचं काम. यांच्यावर दाऊद मिस्त्री. ते उमेदीत आगबोटीच्या इंजिनखोलीत होते. खोकला आणि शहाणपण दोन्ही तिथूनच घेऊन आले, असं ते स्वतःच म्हणायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मामी म्हणतो. घरात सासूबाई आणि मी. मी पोलादपूरची, सातवीपर्यंत शिकलेली.

आणि मथी, माझी मुलगी. हे लिहिताना ती शेजारी झोपली आहे. एका हाताने लिहिते आणि दुसरा अधूनमधून तिच्या मानेखाली घालून बघते. ती सवय कशी लागली, तेच सांगायचं आहे.

* * *

लग्न होऊन मी आले, त्या सुमाराची गोष्ट. गिरणीतली माणसं सकाळी घरून गरम पेज घेऊन जात. एकदा दुपारी मिस्त्रींनी तीन भांडी शेजारी शेजारी मांडली. भिवा हमालाचं उघडंच राहिलेलं. यांचं झाकण लावलेलं. आणि मिस्त्रींचं स्वतःचं, झाकून, फडक्यात बांधून सकाळपासून तुसाच्या पोत्यात पुरलेलं.

भिवाची पेज थंड झाली होती आणि आटलीही होती. यांची होती तेवढीच, पण थंड. मिस्त्रींच्या भांड्यातून वाफ आली.

"पयलं भांडं फितूर," मिस्त्री म्हणाले. "पाणी पण देतं, ऊब पण देतं. दुसरं अर्धं फितूर. पेज राखतं, ऊब सोडून देतं. तिसरं इमानी. आतलं आत, बाहेरचं बाहेर."

"म्हंजी भांड्यांना पण जाती हायत तर," भिवा म्हणाला.

चवदार तळ्यावर मारामारी झाली, त्यानंतरचे ते दिवस. जात हा शब्द निघाला की गिरणीत सगळे गप्प होत. मिस्त्री म्हणाले, "असल्या तर भांड्यांनाच असू देत. खा."

यांनी विचारलं, "मग तिसऱ्यातलं कधीच थंड होत नाही?"

"होतं रे. उद्या होईल. पुरतं इमानी भांडं अजून कुठं झालेलं नाय. आजूबाजूला जसं हाय तसंच सगळं शेवटी होतं. कोण आज, कोण उद्या."

हे सगळं यांनी मला संध्याकाळी जेवताना सांगितलं. मी उठले आणि आमटीवर ताट झाकलं.

* * *

बॉयलरवर एक सेफ्टी वॉल्व्ह असतो. आत वाफ जास्त झाली की तो आपोआप उघडतो आणि फुसफुसतो. गिरणीचे शेट दुपारी माडीवर झोपत आणि नेमका त्याच वेळी तो फुसफुसायचा. मुकादमाला वाटलं, शेटना खूश करावं. त्याने वॉल्व्हच्या दांडीला तराजूचं एक मोठं वजन बांधून टाकलं. आवाज बंद झाला.

मिस्त्री जेवून आले ते दारातच थांबले. म्हणाले, "आज बॉयलर गप का?" मग त्यांनी वाफेच्या दाबाचा काटा पाहिला. सगळ्यांना सांगितलं, "बाहेर चला. पळू नका, चाला." हे मात्र गेले नाहीत. आग मागे ठेवून आगवाल्याने कुठे जायचं? मिस्त्री आणि हे, दोघांनी भट्टीतली आग बाहेर ओढून काढली. काटा उतरला तसं मिस्त्रींनी लांब बांबूने ते वजन उचललं. वाफ सुटली ती यांच्या कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी घेऊन गेली.

मुकादम रडकुंडीला आला. "मला फक्त आवाज बंद करायचा होता हो."

"आवाज बंद केलास. वाफ थोडीच बंद झाली? दार दिलं नाय की ती भिंतीलाच दार पाडते. आणि भिंतीला लागून या गणपतचं घर हाय."

म्हणजे आमचं घर. मी तेव्हा पलीकडे तांदूळ निवडत बसले होते.

तेवढ्यात शेट माडीवरून वाकून म्हणाले, "झोपमोड कोणी केली रे?"

* * *

ही पुढची गोष्ट मी कुणाला हसून सांगत नाही.

भिवाची बायको सगुणा श्रावणात बाळंत झाली. मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरू देत नाहीत. खिडकीला चिंध्या, फटींना शेण, दाराला गोणपाट आणि बाजेखाली शेगडी. त्यात एरवी गोवऱ्या असतात आणि दार उघडमिट करत कुणी ना कुणी आतबाहेर करत असतं. त्या दिवशी पावसाने सगळं ओलं होतं, म्हणून भिवाने चांगले लोणारी कोळसे आणले. धूर नको, नुसती ऊब. सगुणाच्या सासूने शेगडी भरून ठेवली आणि दार ओढून घेतलं. पोरीला निवांत झोपू दे म्हणाली.

दुपारी हाक मारली तर उत्तर नाही.

मला चौथा महिना होता. जाऊ नको म्हणत होते, तरी गेले. दोघी शेजारी शेजारी. गाल लाल. आत्ता शेक घेऊन डोळा लागावा तशा. लोक म्हणाले बाहेरची बाधा. कुणी म्हणाले दृष्ट. मिस्त्री अंगणातून एवढंच म्हणाले, "आगीला वारा लागतो, माणसाला पण लागतो. आत होता तेवढा आगीनं आधी घेतला."

सगुणाची सासू उंबऱ्यात बसून येईल त्याला सांगत होती, "खोली किती ऊबदार ठेवली होती हो मी. कुठनं वारा शिरू दिला नव्हता."

घरी येऊन मी सासूबाईंना म्हटलं, "माझ्या खोलीत शेगडी नको."

त्या म्हणाल्या, "मग तुझं पोर कशानं शेकायचं गो?"

 तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच. रात्री नीट झोप नाही, दिवसा काम सुचत नाही. माझं पोर कशानं शेकायचं?

* * *

थंडी पडायला लागली तेव्हा शेटचे वडील तापाने फणफणले. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर बर्फ ठेवा. महाडात बर्फ कुठला? मुंबईहून आगबोटीने दासगावच्या बंदरात आणि तिथून बैलगाडीने एक मोठी लाकडी पेटी आली. पेटी फोडून बघतात तर बर्फाभोवतीचा लाकडाचा भुसा ओला झालेला आणि बर्फ अर्धा. मिस्त्रींनी तो भुसा काढून कोरडं तूस दाबून भरलं.

आमच्या सासूबाई बघायला गेल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "अहो मिस्त्री, तूस गरम असतं. तुमची पेज ऊन राहते ना त्याच्यात? बर्फ वितळंल की."

"तूस गरम पण नाय न् थंड पण नाय, आजी. तूस म्हंजी दरवान. ऊन आत असलं तर ऊन जाऊ देत नाय. थंड आत असलं तर बाहेरची ऊब येऊ देत नाय. आत कोण बसलाय ते दरवान बघत नाय."

म्हातारा दुसऱ्या दिवशी गेला. दहन झालं, माणसं आंघोळ करून परत आली, कुणीतरी पेटीचं झाकण उघडलं. उरलेला बर्फ होता तसाच होता.

पेटी कुणी घरात ठेवून घेईना. ती गिरणीत पडून राहिली.

* * *

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात मला पोलादपूरला न्यायचं ठरलं. हे म्हणाले, बैलगाडीत हाडं खिळखिळी होतील, सर्व्हिस मोटारने जाऊ. मोटार निघाली. अर्धा रस्ता गेला नाही तर पुढून वाफ यायला लागली. ड्रायव्हर उतरला आणि फडकं हातात घेऊन पुढच्या पाण्याच्या टाकीच्या टोपणाकडे गेला.

हे ओरडले, "थांबा, उघडू नका, थंड होऊ द्या!"

ड्रायव्हर म्हणाला, "ओ पाव्हणं, मोटार तुम्ही चालवता का मी?"

त्याने टोपण फिरवलं. पुढचं मी बघितलं नाही, नुसतं ऐकलं. उकळतं पाणी त्याच्या तोंडावर आलं होतं. यांनी त्याला धरून रस्त्याच्या कडेला बसवलं. तो डोळ्यांवर फडकं धरून सारखा विचारत होता, "मोटारीला काही झालं नाही ना?"

मोटार चालवायला दुसरं कोणी नाही. महाडकडे जाणारी एक बैलगाडी आली, तीत ड्रायव्हरला घातलं आणि आम्हीही बसलो. घरी पोहोचेपर्यंत माझी कंबर धरली होती. पोलादपूर राहिलं, महाडातच सुईण बोलवावी लागली. महिने भरायच्या कितीतरी आधी मथी झाली.

* * *

रडली नाही. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढला, तेवढाच. सुईणीने तळहातावर घेतलं आणि सासूबाईंना म्हणाली, "नाव ठेवायची घाई करू नका."

अंग गार. मला रक्त खूप गेलं होतं, माझेच हातपाय गार. सासूबाईंनी शेगडी आणली. मी आडवीच होते, पण इतकी ओरडले की त्यांनी ती बाहेर नेली. मग त्या रडायला लागल्या. "शेगडी नको तर काय माझ्या हाडांवर शेकू तिला?"

तेव्हा हे उठले आणि गिरणीतून ती बर्फाची पेटी घेऊन आले. तुसाने भरली, मध्ये खळगा केला, जुन्या लुगड्याचा तुकडा घातला. मला म्हणाले, "घाबरू नकोस. इमानी भांडं आहे हे. ऊब जाणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "मेलेल्याच्या बर्फाची पेटी पोरीला?" यांनी ऐकलं नाही. पोरीला खळग्यात ठेवलं, तोंड उघडं ठेवून वरून तुसाची पिशवी पांघरली.

मी तासातासाला हात लावून बघत होते. गार. मग आणखी गार. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "थांब, तूस ऊब धरतं. वेळ लागेल." दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हे मिस्त्रींना आणायला गेले.

बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत परका पुरुष, तोही सोयर फिटायच्या आत. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "मी आत येत नाय, आजी. पोर बाहेर द्या." सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेटीच ओढत उंबऱ्यावर आणली.

मिस्त्रींनी हाताची मागची बाजू पोरीच्या मानेखाली घातली. मग यांच्याकडे वळले.

"गणपत, तू थंडी आत कोंडलीस. दरवान बसवलास, पण घरात चोरच हाय." मग म्हणाले, "चूक माझी. तुला मी अर्धंच शिकवलं. तूस ऊब देत नाय रे. दिलेली राखतं. आधी ऊब, मग तूस."

"शेगडी ती आणू देत नाय," सासूबाई म्हणाल्या.

"शेगडी नकोच. भात हाय ना."

गिरणीत त्या वेळी उकड्या तांदळासाठी भात वाफवत होते. मिस्त्रींनी वाफेतलं भात कपड्यात बांधून पुरचुंड्या पाठवल्या. मामीने त्या आपल्या गालाला लावून लावून पाहिल्या, चटका बसणार नाही अशा झाल्या तेव्हा आत आणल्या. मामीनेच माझी चोळी सोडून पोर माझ्या उघड्या छातीवर घातलं, दोघींच्या भोवती पुरचुंड्या लावल्या आणि वरून घोंगडी. मी म्हटलं, "मामी, मीच गार आहे."

"दोघी मिळून ऊन व्हा," मामी म्हणाली. "एकीचं दुसरीला लागंल."

पुरचुंडी कोमट झाली की गिरणीतून दुसरी यायची. भिवा आणून द्यायचा. ज्याची बायको आणि पोर श्रावणात गेली तो भिवा, एक शब्द न बोलता धावत यायचा. पोरीची मान ऊन लागायला लागली तेव्हा मामीने तिला पेटीत ठेवलं, पुरचुंड्यांसकट, कुशीला तूस. कापसाच्या बोळ्याने तोंडात दूध पिळलं. खिडकीची एक फळी मी उघडी ठेवायला लावली. त्यावरूनही भांडण झालं, पण फळी उघडी राहिली.

"एवढा मोठा बॉयलर, विझवला तरी दोन-दोन दिवस ऊन राहतो," हे दारातून मिस्त्रींना विचारत होते. "मग ही का राहत नाही?"

"लहान भांडं लवकर थंड होतं. म्हणून तर आई दिलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरणीत आग पेटली होती तेव्हा, मथी रडली. खरं, तोंड उघडून, लाल होऊन. भिंतीपलीकडे यांना ऐकू गेलं. मिस्त्रींनी भोंग्याची साखळी ओढली आणि ओढतच राहिले. अर्ध्या महाडला वाटलं कामाची वेळ झाली. माणसं तोंडं न धुता धावत आली, बायकांनी अर्धकच्च्या भाकऱ्या उतरवल्या. शेटनी माडीवरून विचारलं, "मिस्त्री, घड्याळ बिघडलं काय?"

"नाय शेट. आज बरोबर चालतंय."

मथीला ही गोष्ट रोज लागते. एक शब्द इकडचा तिकडे चालत नाही. आधी ऊन भात, मग तूस, आणि शेवटी तिचा प्रश्न ठरलेला. "मग सकाळी मी रडले?" मी म्हणायचं, "मग सकाळी तू रडलीस." तेव्हा ती झोपते.

* * *

मिस्त्रींची त्यानंतरची एक रीत होती. गिरणीत जाताना आमच्या दारात थांबायचे. मथी पुढे येऊन मान वाकवायची. ते हाताची मागची बाजू लावायचे आणि म्हणायचे, "ऊन हाय. जा खेळ." तेवढं झालं की मला दिवसभराची कामं सुचायची.

यंदा संक्रांतीच्या आधी त्यांचा खोकला छातीत उतरला आणि एका पहाटे ते गेले. सकाळी आम्ही घरचे सगळेच त्यांच्याकडे गेलो. मी मथीला नेणार नव्हते, पण घरी एकटी ठेवायला जीव धजेना.

अंगणात पुरुष बसलेले. आत मिस्त्री चादरीखाली. मी मामीजवळ बसले, तेवढ्यात मथी माझा हात सोडवून गेली. त्यांच्या मानेखाली तिने हाताची मागची बाजू घातली, अगदी त्यांच्यासारखी, आणि माझ्याकडे आली.

"आई, मिस्त्रीबाबा थंड आहेत."

मी तिला जवळ ओढलं. मागच्या पडवीत त्यांना आंघोळ घालायला पाणी तापवत होते. तिने तो हंडा पाहिला, खालची आग पाहिली आणि शांत झाली. म्हणाली, "पाणी तापतंय," आणि माझ्या मांडीवर बसून राहिली.

आंघोळ झाली, कफन झालं, जनाजा अंगणात आणून ठेवला. मी बघते तर मथी जवळ नाही.  विहीर, रस्ता, गिरणीचा पट्टा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. उठून दाराशी धावले, तर ती गिरणीच्या गल्लीतून येत होती. फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी धरलेला, त्यात तूस, चालताना सांडत होतं. ती माझ्याकडे आली नाही. सरळ जनाज्यापाशी जाऊन उभी राहिली. उचलायला वाकलेली माणसं थांबली.

"ऊन पाण्याने आंघोळ झाली ना?" ती म्हणाली. "आता तूस घाला. म्हणजे उद्या सकाळी रडतील."

 यांनी तोंड फिरवलं. भिवा खाली बसला.

मामी दारातून पुढे आली. मथीच्या फ्रॉकातून तिने मूठभर तूस घेतलं, हाताने चाचपून त्यातला एक खडा काढून टाकला, आणि वाकून मिस्त्रींच्या पायाशी, चादरीच्या आत, ठेवलं.